सैफच्या घरचं जेवण

कुरुविलाला सैफ नावाचा एक अरब मित्र होता. मित्र म्हणून त्याच्यात कसलीही खोट नव्हती. फक्त तो अस्तित्वात नव्हता.

बाकी सगळं होतं. वाळवंटात काळा तंबू होता, शंभर उंट होते, दोन बायका होत्या आणि त्यांचं आपसांत पटतही होतं. थोरला मुलगा पोलिसात होता, धाकटा गणितात सारखा नापास होत होता. हा सगळा संसार कुरुविलानं एकट्यानं उभा केला होता, दर सुट्टीत थोडा थोडा, केरळात पाला गावच्या घरी सासऱ्यांच्या ओसरीवर बसून.

यात दोष द्यायचाच तर तो सासऱ्यांना द्यायला हवा. वर्की सार म्हणजे निवृत्त हेडमास्तर. निवृत्त ते शाळेतून झाले होते, हेडमास्तरकीतून नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत त्यांनी जावयाला समोर बसवून विचारलं, "मस्कतला तुझी स्वतःची अशी ओळख कुणाशी?" त्यातलं 'स्वतःची अशी' कुरुविलाच्या काळजात घुसलं. कारण अख्ख्या पालाला ठाऊक होतं की मस्कतच्या इस्पितळात नर्स आहे ती सूसम्मा, तिच्या व्हिसावर तिच्या मागोमाग गेला तो कुरुविला, आणि एसी बसवणाऱ्या कंपनीच्या गोदामात त्याला चिकटवला तोही सूसम्माच्या एका पेशंटनं. घर तिच्या नावावर, गाडी तिच्या नावावर, अरबी भाषाही तिच्याच नावावर. कुरुविलाची अरबी 'आण', 'ने' आणि 'उद्या' एवढ्यावर चालायची, आणि गोदामात त्याहून जास्तीची गरज पडत नसे. अशा माणसानं सासऱ्याच्या तोंडावर 'कुणाशीच नाही' म्हणावं, ही अपेक्षाच मुळात दुष्टपणाची आहे. तो म्हणाला, "सैफशी."

एकदा जन्माला घातला की वाढवावा लागतोच. पुढच्या सुट्टीत सैफला उंट आले, त्याच्या पुढच्या सुट्टीत दुसरी बायको आली. एका नाताळाला कुरुविलाला रजा मिळाली नाही, तेव्हा सैफच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि उशाशी बसायला कुरुविलावाचून दुसरं कुणी नव्हतं. वर्की सारांनी पालाच्या चर्चमध्ये खास प्रार्थना करवून घेतली. सैफ बरा झाला. सूसम्माला हे सगळं माहीत होतं. "इच्चाया, तुमचा सैफ तुम्हीच सांभाळा," ती नवऱ्याला बजावायची. "मला मध्ये ओढलंत तर पुढच्या ऑपरेशनला मी त्याला टेबलावरच संपवीन."

आणि मग या फेब्रुवारीत वर्की सार मस्कतला आले. विमानतळावर त्यांनी मुलीला जवळ घेतलं, नातीच्या, टिन्सीच्या गालावर टिचकी मारली, आणि जावयाकडे वळून विचारलं, "सैफकडे कधी जायचं?" त्यांच्या पिशवीत सैफसाठी केळ्याचे वेफर्स होते, कैरीचं लोणचं होतं आणि छातीला चोळायचं तेल होतं.

"तो फार कामात असतो, अप्पच्चा," कुरुविलानं एक प्रयत्न करून पाहिला.

"हृदयाच्या रोग्याला कसलं काम?" म्हणून सारांनी विषय मिटवला.

कुरुविलाची झोप उडाली. सैफ एकटा गेला असता तर त्याला दुःख नव्हतं. पण सैफबरोबर पालाच्या ओसरीवरची जावयाची खुर्चीही जाणार होती. इतक्या वर्षांत त्या घरात त्याचं म्हणून जे काही होतं ते सैफमुळे होतं. चहा घेऊन येणारी मेहुणीसुद्धा "सैफचं काय मग?" विचारायला दोन मिनिटं थांबायची. सैफ नाही म्हटल्यावर राहणार कोण? तर सूसम्माचा नवरा.

मस्कतच्या रुवी भागातल्या त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर ईपच्चन राहायचे. त्यांना ओमानमध्ये येऊन इतकी वर्षं झाली होती की त्यांना सगळं माहीत होतं, आणि ते घराबाहेर इतके क्वचित पडायचे की माहीत असलेलं कधी खोटं ठरलं नव्हतं. कुरुविलानं त्यांच्यापुढे मन मोकळं केलं. ईपच्चननी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "अरे, सैफ विकत मिळतो की! बिदियाच्या पुढे वाळूत पाहुण्यांच्या छावण्या असतात. फेटा बांधलेला माणूस खजूर देतो, कॉफी देतो, उंटावर बसवतो. तो सगळ्या जगाला मिठी मारतो, तुला नाही मारणार? आधी फोन करून सांगून ठेव, बस."

छावणीचा मॅनेजर केरळातल्याच मलप्पुरमचा मोइदीनकुट्टी निघाला. "काळजीच सोडा, सार. माझ्याकडे असा माणूस आहे की खरा सैफ बघून लाजेल," तो म्हणाला. खरा सैफ लाजण्याची शक्यता कुरुविलाला कमी वाटली, पण त्यानं आगाऊ पैसे भरून टाकले. ठरलं ते असं: शुक्रवारी सकाळी बिदियाच्या पेट्रोल पंपावर छावणीची पांढरी गाडी उभी असेल, तिच्यात सैफ असेल, तिच्या मागोमाग वाळूत शिरायचं.

सहलीची बातमी फुटली आणि इमारत सल्ले घेऊन दारात आली. तिसऱ्या मजल्यावरचे इजिप्तचे उस्ताद म्हणाले, पाणी संपलं तर चघळायला कांदे न्या. दुसऱ्या मजल्यावरच्या कच्छी बेननी थेपल्यांचा डबा दिला आणि वाळवंटात तूप थिजत नाही अशी माहिती दिली. इथे चर्च शुक्रवारी भरतं, त्यामुळे पाद्रीसाहेबांचा चेहरा पडला. "प्रार्थना चुकवून वाळवंटात?" ते म्हणाले. "मोझेसबरोबर गेलेले लोक चाळीस वर्षं बाहेर पडले नव्हते, एवढं लक्षात असू द्या."

राहता राहिली गाडी. सूसम्माची गाडी वाळूत नेणं म्हणजे तिला पुरणंच होतं. कंपनीकडे चारही चाकं ओढणारी गाडी होती, पण ती शहराबाहेर न्यायला वाहतूक खात्याची सही लागते. वाहतूक खात्याचे साहेब म्हणाले, आधी तुमच्या साहेबांची आणा. कुरुविलाचे साहेब म्हणाले, वाहतुकीची असेल तर माझी घ्या. दोन्ही साहेब एकमेकांच्या समोरच्या खोलीत बसत असून कुरुविला तीन दिवस मधल्या पॅसेजमध्ये चेंडूसारखा फिरत होता. शेवटी प्रवासाचं कारण म्हणून त्यानं 'जागेची पाहणी' असं लिहिलं, तेव्हा दोघांनी एकदमच सही केली. वाळवंटात एसी कुठे बसवायचा, हे कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी ते बिदियाच्या पंपावर पोचले तेव्हा ऊन चढू लागलं होतं. पुढच्या सीटवर पांढऱ्याशुभ्र मुंडूत, म्हणजे केरळी लुंगीत, वर्की सार, मागे सूसम्मा, टिन्सी, थेपले आणि कांदे. आणि पंपावर, अगदी ठरल्याप्रमाणे, पांढरी पिकअप उभी होती. आत फेटा बांधलेला, पांढऱ्या दाढीचा, उन्हानं रापलेला एक म्हातारा होता. मागे गवताच्या पेंढ्या आणि पाण्याचं पिंप होतं. मोइदीनकुट्टीनं तपशील किती बारकाईनं सांभाळलाय हे बघून कुरुविलाला कौतुक वाटलं. ओमानमधल्या दर दोन गाड्यांतली एक पांढरी असते, हे त्या क्षणी त्याच्या डोक्यात आलं नाही.

त्यानं अंगठा वर केला. म्हाताऱ्यानं जरा बघितलं आणि हात वर केला. पिकअप निघाली. कुरुविला मागोमाग.

डांबरी रस्ता संपला आणि वाळू लागली. पहिल्याच चढावर गाडीची चारही चाकं जागच्या जागी फिरली आणि खाली गेली. कुरुविला उतरायच्या आत पिकअप उलटी फिरून आली. म्हातारा उतरला, त्यानं कुणाशी एक अक्षर न बोलता प्रत्येक चाकापाशी उकिडवं बसून अर्धी हवा सोडून दिली.

"तुझा मित्र हवा का सोडतोय?" वर्की सारांनी विचारलं.

"थट्टा करतोय, अप्पच्चा. त्याची जुनी सवय आहे."

हवा कमी झालेल्या चाकांना वाळूत पकड आली, आणि म्हाताऱ्यानं दोर बांधून गाडी ओढून काढली. पुढे एकदा ती पुन्हा रुतली, त्यानं पुन्हा काढली. कपाळावर आठी नाही, तोंडात शब्द नाही. "सेवा म्हणतात ती ही," कुरुविला स्वतःशी म्हणाला, आणि मोइदीनकुट्टीला दिलेले पैसे त्याला थोडे वाटू लागले.

दोन टेकाडांच्या मधल्या सपाटीवर पिकअप थांबली. खजुरीच्या झावळ्यांची दोन खोपटी होती, पुढे सतरंज्या अंथरलेला मांडव, दोरीवर वाळत घातलेले कपडे, मांडवाच्या खांबाला बांधलेली एक बकरी आणि पलीकडे तीन उंट.

"काळा तंबू कुठाय?" सारांनी विचारलं.

"धुवायला काढलाय."

"आणि शंभर उंट?"

"सत्त्याण्णव चरायला गेलेत." हे कुरुविला इतक्या सहज म्हणाला की त्याचा त्यालाच अभिमान वाटला.

तेवढ्यात म्हातारा पुढे आला. त्यानं कुरुविलाचा हात हातात घेतला, खांद्यावर दुसरा हात ठेवला, आणि आपलं नाक कुरुविलाच्या नाकाला हलकेच टेकवलं. जिवाभावाच्या माणसाला भेटतात तसं. वर्की सार बघतच राहिले. कुरुविलाचे डोळे पाणावले, निम्मे अभिनयाच्या कौतुकानं आणि निम्मे नाक दाबल्यामुळे. "झकास," तो मल्याळममध्ये पुटपुटला. "फक्त मिठी जरा जास्त वेळ धर. सासऱ्यानं बघितलं पाहिजे." म्हातारा हसला आणि पाहुण्याला 'या, या' म्हणावं तसं म्हणाला, "मरहबा, मरहबा."

बुरखा घातलेली एक वृद्ध बाई खोपट्यातून आली, सूसम्माच्या हाताला धरून तिला आणि टिन्सीला आत घेऊन गेली. पण वर्की सारांनी मुलीला दारातूनच परत बोलावलं. दुभाषी हवी होती. पिशवीतून वेफर्स, लोणचं आणि तेल काढून त्यांनी सैफच्या हातात दिलं.

"सूसम्मा, विचार त्याला. हृदय कसं आहे?"

सूसम्मानं नवऱ्याकडे एक नजर टाकली. ती नजर कुरुविलाच्या चांगली ओळखीची होती. ती इंजेक्शनच्या आधीची होती. पण तिनं विचारलं. म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला. "अल्हम्दुलिल्ला."

"मुलं?"

"अल्हम्दुलिल्ला."

"धाकट्याचं गणित?"

सूसम्मानं घसा साफ केला आणि विचारलं. म्हाताऱ्यानं वर आभाळाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "अल्हम्दुलिल्ला."

"सुधारलं वाटतं," सार समाधानानं म्हणाले. जगातल्या कुठल्याही चौकशीला 'देवाची कृपा' हे एकच उत्तर लागू पडतं, आणि ते देणारा माणूस खोटंही बोललेला नसतो, ही अरबी भाषेची थोरवी कुरुविलाला त्या दिवशी प्रथमच कळली.

मग कॉफी आली, खजूर आले, आणि कुरुविला लग्नात वरमाय वागते तसा वागू लागला. कॉफी कडू आहे म्हणून त्यानं दूध-साखर मागवली. सतरंजी सावलीत ओढायला लावली. शौचालय कुठे, असं खुणेनं विचारल्यावर म्हाताऱ्यानं हात फिरवून क्षितिजापर्यंतचं वाळवंट दाखवलं, तेव्हा त्यानं नाक मुरडून मोइदीनकुट्टीकडे तक्रार करायचं मनात टिपून ठेवलं. दुपार झाली तसा म्हातारा बाजूला जाऊन चटईवर नमाजाला उभा राहिला. "बघा, अप्पच्चा, किती मन लावून करतो सगळं," कुरुविला म्हणाला. वर्की सारांनी त्याच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं.

जेवण आलं ते दोघांनी धरून आणावं लागलं. परातभर भात, त्यावर अख्खी बकरी. म्हाताऱ्यानं स्वतः बसून उत्तमातले तुकडे तोडले आणि वर्की सारांपुढे सरकवले. स्वतः दोन घास खाऊन तो उठला, पाणी घालायला उभा राहिला. "सैफ, तूही बस," सार म्हणाले. तो 'सैफ' ऐकून वळला, हसला, आणि आणखी एक तुकडा वाढला. सकाळपासून सार त्याला सैफ म्हणत होते आणि तो सैफला ओ देत होता. कुरुविलाला मीठ किंचित जास्त वाटलं, पण एकूण जेवण फक्कड होतं. बक्षिसी म्हणून त्यानं एक नोट घडी करून खजुरांच्या ताटलीखाली हळूच सरकवून ठेवली. सार सतरंजीवर लवंडले आणि घोरू लागले. इतक्या वर्षांत जावयाच्या कामगिरीवर त्यांनी दिलेला हा पहिलाच अभिप्राय होता, आणि कुरुविलानं तो भरून पावून ऐकला.

तेवढ्यात टिन्सी त्याचा मोबाइल हातात धरून वाळूच्या टेकाडावरून घसरत खाली आली. ती फोटो काढायला वर चढली होती, आणि रेंज फक्त वरच होती.

"पप्पा, मोइदीनकुट्टी अंकलचे ढीगभर कॉल आलेत. एक उचलला, तर आवाज रडवेला आहे."

कुरुविला टेकाड चढला. दोन पावलं वर आणि एक खाली अशा हिशेबानं, एक चप्पल वाळूत गमावून.

"सार, आहात कुठे?" मोइदीनकुट्टी ओरडला. "आमचा सैफ सकाळपासून पंपावर उभा आहे. उन्हानं त्याची दाढी सुटायला लागलीय!"

"कसली दाढी? आम्ही तुमच्याकडेच आहोत. जेवलोसुद्धा."

"आमच्याकडे कोण जेवलं? आमचा भात अजून चुलीवर आहे!"

कुरुविलानं फोन कानापासून दूर केला आणि खाली पाहिलं. वरून सगळं नीट दिसत होतं. दोरीवर लहान मुलांची अंगडी वाळत होती. म्हातारी पिंपातलं पाणी मोजून मोजून परात धुवायला घेत होती. मांडवाच्या खांबाला दोरीचा तुकडा होता आणि बकरी नव्हती. सकाळी वर्की सारांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

हे कुणाचं तरी घर होतं. एक माणूस पंपावरून बायकोसाठी पाणी आणि उंटांसाठी गवत घेऊन निघाला होता, त्याच्या मागे एक अनोळखी गाडी लागली, आणि त्यानं तिला दोनदा वाळूतून ओढून घरी आणलं, आपल्या दारातली बकरी कापली. तुम्ही कोण, असं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. आणि कुरुविलानं त्याला मिठी जास्त वेळ धरायला सांगितलं होतं. दूध-साखर मागवली होती. त्याच्या नमाजाला शाबासकी दिली होती. 

तो घसरत खाली आला तेव्हा सूसम्मा टेकाडाच्या पायथ्याशी उभी होती. तिला आतल्या म्हातारीकडून कधीच कळलं होतं. "छावणी नाही ही, इच्चाया," ती हळू आवाजात म्हणाली. "पाहुण्याला तीन दिवस नाव-गाव विचारायचं नाही, अशी यांची रीत आहे. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हातारी म्हणाली, आधी जेवा."

"सूसम्मा! ती नोट!"

"कुठली नोट?"

या माणसाला ती नोट दिसणं म्हणजे त्याच्या तोंडावर फेकून मारण्यासारखं होतं. एका पायात चप्पल असलेला कुरुविला धावत मांडवात शिरला, गुडघ्यांवर बसला, ताटली उचलली आणि खालची नोट ओढली.

"काय करतोस?"

वर्की सार जागे झाले होते. उठून बसलेले, चष्मा लावलेला. मित्राच्या घरात, मित्राच्या ताटलीखालून पैसे काढणारा जावई त्यांनी नीट बघून घेतला.

"काही नाही, अप्पच्चा. पडली होती."

"ताटली उचलून खाली पडली होती?" सारांचा आवाज बदलला. हा आवाज ऐकून पालाच्या दोन पिढ्यांनी मुकाट हात पुढे केले होते. "कुरुविला, सकाळपासून बघतोय. या माणसानं तुला एकदाही नावानं हाक मारली नाही. घर तू सांगितलंस तसं नाही, उंट नाहीत, बायको एक दिसते. सूसम्मा, ये इकडे. विचार याला, आमच्या जावयाची आणि याची ओळख कधीपासूनची?"

"अप्पच्चा, असं विचारत नाहीत इथे."

"मी विचारतोय."

म्हातारा कॉफीचं भांडं निखाऱ्यांवर ठेवत होता. सूसम्मानं एकदा नवऱ्याकडे बघितलं. ती खोटं बोलणार नाही हे कुरुविलाला माहीत होतं. पेशंटचा ताप मोजण्यात अर्धा अंशसुद्धा इकडचा तिकडे न करणारी बाई ती. तिनं मान खाली घालून प्रश्न विचारला, जसाच्या तसा.

 म्हाताऱ्यानं वर्की सारांकडे पाहिलं, मग कुरुविलाकडे पाहिलं. एका पायात चप्पल, मुठीत चुरगळलेली नोट, तोंड रडवेलं. मग तो कुरुविलाच्या शेजारी येऊन बसला, अगदी खांद्याला खांदा लावून, आणि शांतपणे दोन वाक्यं बोलला.

सूसम्मानं मान वर केली. "ते म्हणतात," ती म्हणाली, "हा माझ्या छपराखाली बसलाय. यानं माझ्याबद्दल तुम्हाला जे जे सांगितलं असेल, त्याला मी साक्षी आहे."

"काय सांगितलंय, ते नाही विचारलं त्यानं?"

"नाही, अप्पच्चा."

 वर्की सारांनी आयुष्यात एकही चिठ्ठी पालकाची सही ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारली नव्हती. ते बराच वेळ त्या म्हाताऱ्याकडे बघत राहिले. मग मुंडू सावरत उठले, त्याच्यासमोर गेले आणि त्यांनी आपलं नाक पुढे केलं. सवय नसल्यामुळे आधी चष्मा आपटला. म्हाताऱ्यानं तो हलकेच काढून हातात धरला, आणि मग नाकाला नाक टेकलं.

निघताना म्हातारीनं वेफर्सच्या डब्यात खजूर भरून परत दिले. म्हातारा पिकअप घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत पुढे आला, हात वर केला आणि परत फिरला. कुरुविला त्याच्या गाडीमागची धूळ दिसेनाशी होईपर्यंत आरशात बघत होता. त्याला मोठ्यानं काहीतरी म्हणायचं होतं, पण 'आण', 'ने' आणि 'उद्या' यातून ते होण्यासारखं नव्हतं.

चाकांत हवा भरायला पंपावर थांबणं भाग होतं. गाडी थांबते न थांबते तोच कडेच्या सावलीतून फेटा बांधलेला एक इसम धावत आला. दिवसभराच्या उन्हानं त्याचा चेहरा भाजला होता आणि दाढी एका बाजूनं लोंबत होती. पैसे घेतलेत तर काम करायचंच, या निष्ठेनं त्यानं पुढचं दार उघडलं, वर्की सारांना बाहेर ओढलं आणि घट्ट मिठी मारली. "कुरुविला! माझ्या भावा! ओळखलंस का? मी तुझा सैफ!" हे सगळं अस्सल मलप्पुरमच्या मल्याळममध्ये. मिठी सुटली तेव्हा निम्मी दाढी सारांच्या खांद्यावर राहिली.

सारांनी ती दोन बोटांनी उचलून त्याला परत दिली. "कुरुविला तो," ते म्हणाले. "मी सासरा."

गाडी मस्कतच्या वाटेला लागली. टिन्सी तोंडावर ओढणी दाबून हसू गिळत होती. कुरुविला समोरच्या रस्त्यावर डोळे लावून ओसरीवरच्या आपल्या खुर्चीचा निरोप घेत होता.

"कुरुविला," सार बऱ्याच वेळानं म्हणाले.

"अप्पच्चा, मी..."

"बोलू नकोस. मी हेडमास्तर होतो. ज्या पोराची आजी वर्षातून तीनदा मरते, ते पोर मला ओळखता येतं. तुझ्या सैफचा धाकटा मुलगा आज किती वर्षं नववीतच आहे?"

गाडी किंचित डगमगली.

"मग अप्पच्चा," मागून सूसम्मानं विचारलं, "ती चर्चमधली प्रार्थना?"

"ती मी तुझ्या नवऱ्यासाठी करवली होती." सारांनी चष्मा काढून मुंडूच्या टोकानं पुसला. "आज याला रंगेहाथ पकडायचाच म्हणून आलो होतो. पकडलाही होता. तो माणूस मध्ये येऊन बसला." मग ते पुढे बोलले तेव्हा त्यांचा आवाज हेडमास्तरांचा राहिला नव्हता. "इतकी वर्षं तू सैफच्या गोष्टी सांगत आलास. शंभर उंट काय, दोन बायका काय. तुझा तो सैफ आजच्या माणसाच्या पासंगालाही पुरत नाही, कुरुविला."

"नाही पुरत, अप्पच्चा," कुरुविला म्हणाला. 

"पुढच्या शुक्रवारी परत जायचं. जाताना एक चांगली दुभती बकरी घेऊन जायची. आणि गेल्या गेल्या, सगळ्यात आधी, त्याचं नाव विचारायचं."